व्हिडिओ टेस्ट आणि ‘अजून एकदाच’

‘चुकलं तर पुन्हा करता येतं, मग व्हिडिओवरची टेस्ट सोपीच नाही का? तरी ही रडते कशाला?’

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न, आणि फिगर स्केटिंग करणाऱ्या मुलांचे बरेच पालक तो याच शब्दांत विचारतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी १२ वर्षांची. २०२० मध्ये कोविडमुळे बर्फाच्या रिंक बंद पडल्या, तेव्हा यूएस फिगर स्केटिंग या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेने चित्रीकरण पाठवून टेस्ट देण्याची सोय केली. त्या मार्गाने ती स्केटिंग स्किल्सची, म्हणजे ठरलेल्या आकृत्या (पॅटर्न) काढून दाखवायची, टेस्ट देणार होती. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय त्याच पातळीची सिंगल्स (संगीतावर एकटीने कार्यक्रम करायची) टेस्ट देता येत नाही, त्यामुळे घरात घाई. तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा चित्रीकरण, फोनमध्ये साठाच्या वर क्लिप, आणि पाठवलेली एकही नाही.

मुलीने मला एका वाक्यात सांगितलं : “काकू, संपतच नाही.”

दुखणं तिने नेमकं सांगितलं. परीक्षक समोर बसतात तेव्हा एखादा टर्न (एका पायावर दिशा बदलणं) घसरला तरी तो दिवस संपतो. निकाल उत्तीर्ण असो वा ‘रिट्राय’ (पुन्हा द्या), रात्री घरी जेवण होतं. व्हिडिओला तसा शेवट नसतो, तो कुणीतरी घालावा लागतो. इथे आई म्हणे “अजून एकदाच”, आणि मुलगीही मनात तेच म्हणे.

पहिल्या भेटीत मी दोघींना एवढंच सांगितलं की प्रत्येक क्लिपला क्रमांक द्या आणि प्रशिक्षकांना क्रम न सांगता दाखवा. त्यांनी निवडलेल्या जवळपास सगळ्या क्लिप त्या-त्या दिवसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या टेकमधल्या निघाल्या. कारण साधं आहे. तिच्या टेस्टमधल्या डबल थ्री या पॅटर्नमध्ये एका पायावर अर्धवर्तुळ काढताना दोन टर्न घ्यायचे, साधारण त्याचे तीन सारखे भाग धरले तर पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या टोकाला. दहाव्या टेकला घोटा थकतो, गुडघा वाकेनासा होतो, एज (ब्लेडच्या कडेवर झुकून काढलेली वळणदार रेघ) उथळ होते, खांदे आधीच वळतात आणि दुसरा टर्न घाईत पडतो. म्हणजे सुधारायला म्हणून घेतलेला टेक बिघडलेलाच येतो, आणि मुलगी समजते की आपल्याला येतच नाही.

शिवाय निर्दोष व्हिडिओ कुणी मागितलेलाच नव्हता. परीक्षक पॅटर्नला वजा तीन ते अधिक तीन असे गुण देतात आणि शून्य म्हणजे त्या पातळीला पुरेसं. हे आईला ठाऊक होतं. पण फोनवर तीच क्लिप थांबवून थांबवून पाहिली की शून्यही नापासासारखं दिसतं.

उरलेला अर्धा दोष कॅमेऱ्याचा होता. आई रिंकच्या लांब बाजूच्या मध्यावर, काचेमागे, खांद्याच्या उंचीवर फोन धरून उभी राहायची. वर्तुळाची खोली कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर जाणारी असते. खालून पाहिली की ती चपटी होते आणि चांगली एजही सरळ रेषेसारखी दिसते. १९९० पर्यंत जागतिक स्पर्धांत अनिवार्य आकृत्या असायच्या, तेव्हा परीक्षक बर्फावर वाकून ब्लेडची रेघ तपासत. फोनला ती सोय नाही, म्हणून निदान उंची तरी द्यावी. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर तीन-चार ओळी वर ट्रायपॉड लावला आणि फरक लगेच दिसला. फोन आडवा, ब्लेड ते डोकं पूर्ण चौकटीत, झूम नको, मुलीसोबत सावकाश फिरवायचा. बर्फाच्या पांढऱ्यामुळे फोन आपोआप चित्र अंधारं करतो, तेव्हा स्क्रीनवर मुलगी दिसते तिथे बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करायचा. काचेतून घ्यावंच लागलं तर भिंग काचेला टेकवून, नाहीतर दिव्यांचं प्रतिबिंब आणि हॉकीच्या पकच्या (चकतीच्या) खुणा मध्ये येतात. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, फोन खिशात उबेला ठेवायचा. (आणि “पाय सरळ!” हा आईचा आवाज निम्म्या क्लिपमध्ये होता. त्यावर दोघी पहिल्यांदा हसल्या.)

मग शेवट ठरवला. तारीख एकच, गर्दी नसलेलं एकच सत्र, नुकताच गुळगुळीत केलेला बर्फ. आठवडाभर आधी एक रंगीत तालीम, फक्त चौकट आणि उजेड पाहण्यासाठी. त्या क्लिप त्याच दिवशी पुसायच्या. प्रत्यक्ष दिवशी १० मिनिटं वॉर्म-अप, प्रत्येक पॅटर्नचे जास्तीत जास्त दोन टेक, मध्ये तीन मिनिटं कठड्याशी उभं राहून पाणी. पॅटर्नच्या मध्ये कापाकापी नाही. रिंकवर क्लिप पाहायच्या नाहीत, ही अट आईला सगळ्यात जड गेली. निवड प्रशिक्षकांची, दुसऱ्या दिवशी. त्यांनी त्या मोसमाच्या सूचनांशी ताडून पाहायचं आणि त्याच संध्याकाळी पाठवायचं.

आईने अगदी शेवटी विचारलं, “पण दुसरा टेकही वाईट गेला तर?”

मुलीनेच उत्तर दिलं : “मग पहिला पाठवू.”

त्या दिवशी एका पॅटर्नला ती पडली, दुसऱ्या टेकला उभी राहिली. व्हिडिओ ठरल्या संध्याकाळी गेला. निकाल यायच्या आधीच तिने सिंगल्सच्या कार्यक्रमाचं संगीत ऐकायला घेतलं होतं.