शब्दचर्चा: सबसिडिॲरिटी आणि तिची सख्खी बहीण सबसिडी

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत सरकारी कल्याण योजनांना विरोध करणारे ख्रिस्ती वक्ते, त्यातही कॅथलिक, 'सबसिडिॲरिटी' हा शब्द वापरतात. त्याचा सबसिडीशी काही संबंध आहे का? आणि मराठीत त्याला 'दुय्यमता' म्हटलं तर चालेल का?"

सबसिडिॲरिटी म्हणजे काम आधी जवळच्या लहान संस्थेने करावं, मोठ्या संस्थेने ते तिच्याकडून काढून घेऊ नये, गरज पडली तर मदतीला यावं, हे तत्त्व. त्याला दुय्यमता चालणार नाही. संबंध मात्र आहे, आणि इतका जवळचा आहे की सबसिडिॲरिटीच्या नावाने सबसिडी बंद करायला निघालेला माणूस एका सख्ख्या बहिणीची साक्ष काढून दुसरीला घराबाहेर काढत असतो.

सबसिडी म्हणजे अनुदान, सबसिडिअरी म्हणजे उपकंपनी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीने. कुणीतरी गंभीर चेहरा करून सांगतं, "हे चर्चचं अधिकृत तत्त्व आहे. गरिबाला आधी कुटुंबाने बघावं, नाही जमलं तर चर्चने बघावं, आणि सरकारने त्यात पडू नये." पहिले दोन भाग ठीक आहेत. तिसरा भाग त्या शब्दात कुठेही नाही. उलट त्या शब्दात जर कुणी बसलेलं असेल, तर ते तिसरंच आहे. 'बसलेलं' हे मी शब्दशः म्हणतोय.

मूळ लॅटिन शब्द सुब्सिदिउम. सुब म्हणजे खाली किंवा मागे, सेदेरे म्हणजे बसणं. कोण बसायचं? रोमन सैन्याच्या तीन फळ्या असत. पुढे तरुण, मधे भर वयातले, आणि सगळ्यात मागे मुरलेले जुने सैनिक, त्रियारी. रोमन इतिहासकार लिव्हीने इ.स.पू. ३४० च्या लढाईचं वर्णन करताना ही रचना तपशिलाने दिली आहे. पुढच्या दोन फळ्या लढत असताना त्रियारी निशाणांपाशी एका गुडघ्यावर बसलेले: डावा पाय पुढे पसरलेला, ढाल खांद्याला टेकवलेली, भाला जमिनीत तिरका रोवलेला, टोक वर. पहिली फळी मोडली की ती दुसरीच्या फटींतून मागे येई. दुसरीही मोडली की दोन्ही मिळून त्रियारींकडे सरकत. मग हे म्हातारे उठत, दमलेल्यांना आपल्या रांगांमधून मागे घेत, फटी बुजवत आणि पुढे जात. 'गोष्ट त्रियारींवर आली' ही रोमनांची म्हणच होती; आपण 'गोष्ट हातघाईवर आली' म्हणतो त्याच सुरातली.

हे मी जुळवून आणलेलं नाही. व्हारो हा रोमन पंडित साफ लिहितो की त्रियारी मागे बसत म्हणून सुब्सिदिउम. पुराव्याला तो प्लाउटसच्या नाटकातली एक ओळ देतो: "चला, सगळे खाली बसा, त्रियारी बसतात तसे." दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्युत्पत्तिकारांचं बहुतेक वेळा हसं होतं. इथे मात्र व्हारो अचूक आहे.

आता खरी मजा. लॅटिन सुब आणि संस्कृत उप हे एकाच मुळाचे. सेदेरे आणि सद् हेही एकाच मुळाचे. म्हणजे सुब्सिदिउमचं संस्कृत रूप करायला बसलात तर हाती येतं उपसद्. मध्ये एक 'नि' घाला की उपनिषद. गॅसच्या टाकीवर मिळणारी सबसिडी आणि गुरूजवळ बसून मिळणारं उपनिषद यांची नाडी एक आहे, हे ज्याला पहिल्यांदा कळतं त्याला दिवसभर दुसरं काही सुचू नये. आणि पुढे ऐका. 'उपसद्' हा शब्द वैदिक वाङ्मयात खरोखर आहे. सोमयागातल्या एका विधीचं ते नाव. ब्राह्मणग्रंथांतली कथा अशी की असुरांचे तीन किल्ले देवांनी उपसदांच्या जोरावर घेतले. जवळ जाऊन बसणं म्हणजे वेढा घालणं! तिकडे बसणं म्हणजे राखीव फौज, इकडे बसणं म्हणजे वेढा. दोन भाषांनी हे आपापलं स्वतंत्रपणे घडवलं असेल, हे मला मान्य आहे. तरी 'बसणं' या क्रियेत दोन्हीकडे लढाईच दिसावी, याला नुसता योगायोग म्हणून सोडून द्यायला माझा जीव धजत नाही. भाषाशास्त्राचे प्राध्यापक नाक मुरडतील. मुरडू द्यात.

तर चर्चकडे वळू. १५ मे १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' हे परिपत्र काढलं. नावाचा अर्थ 'चाळिसाव्या वर्षी', कारण कामगार प्रश्नावरच्या १८९१ च्या 'रेरुम नोवारुम'ला चाळीस वर्षं होत होती. मसुदा होता ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉइनिंग या जेझुइट पंथाच्या जर्मन धर्मगुरूचा. सबसिडिॲरिटीचं प्रसिद्ध वाक्य याच्या ७९ व्या परिच्छेदात आहे: लहान संस्था जे करू शकते ते मोठ्या संस्थेने तिच्याकडून काढून घेणं हा अन्याय आहे. हे वाक्य भाषणांत हमखास येतं. त्याच्या लगेच आधीचं वाक्य येत नाही. ते म्हणतं की पूर्वी लहान संस्था जी कामं करीत, त्यांतली पुष्कळ आता परिस्थिती बदलल्यामुळे मोठ्या संस्थांनाच जमतात. आणि परिच्छेदाचा शेवट? समाजातल्या प्रत्येक व्यवस्थेने आपल्या घटकांना 'सुब्सिदिउम' पुरवावा, त्यांना नष्ट करू नये, गिळू नये. शब्द तोच, सुब्सिदिउम! म्हणजे ज्या परिच्छेदाचा दाखला देऊन सबसिडी नको म्हणायचं, तोच परिच्छेद सबसिडी द्या म्हणून संपतो.

'गिळू नये' कुणाला उद्देशून होतं, तेही बघा. त्याच महिन्याच्या अखेरीस मुसोलिनीने इटलीतल्या कॅथलिक तरुणांच्या संघटना बंद केल्या. भीती होती ती संघटना, मंडळं, कामगार संघ गिळणाऱ्या राज्याची. उपाशी घराला शिधा देणाऱ्या राज्याची नव्हे. १८९१ च्या परिपत्रातही स्पष्ट आहे की एखादं कुटुंब टोकाच्या हलाखीत असेल आणि त्यातून सुटण्याचा मार्ग त्याच्याकडे नसेल, तर सार्वजनिक मदत मिळणं रास्तच आहे.

२०१२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष पॉल रायन यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या समर्थनार्थ हाच शब्द पुढे केला. त्यांच्याच धर्माच्या बिशपांच्या परिषदेने अन्नसाहाय्यातली कपात नैतिक कसोटीला उतरत नाही असं कळवलं. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या जवळपास ९० जणांनी पत्र लिहून सोबत चर्चच्या सामाजिक शिकवणुकीचा सारग्रंथही पाठवला. त्यांनी व्हारोही पाठवायला हवा होता.

पण दुसऱ्या बाजूलाही मोकळं सोडत नाही. सबसिडिॲरिटी म्हणजे नुसती 'मदत' असं सांगणारेही शब्दाची वाट लावतात. त्रियारी मागे बसतात. पहिल्या फळीला ढकलून पुढे घुसत नाहीत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ मध्ये सगळं आपल्या अंगावर घेणाऱ्या साहाय्यकारी राज्यावर टीका केली ती याच मुद्द्यावर: नोकरशाही फुगते, खर्च वाढतो, माणसं निष्क्रिय होतात. जर्मनीने यातून शहाणी वाट काढली. तिथे १९६१ च्या समाजसाहाय्य कायद्याने चर्चच्या व इतर स्वयंसेवी संस्थांना अग्रक्रम दिला, आणि १९६७ मध्ये घटना न्यायालयाने तो उचलून धरला. कारितास (कॅथलिक) आणि दियाकोनी (प्रॉटेस्टंट) या संस्था रुग्णालयं, बालवाड्या, वृद्धाश्रम चालवतात. पैशाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून आणि सामाजिक विम्यातून येतो. सबसिडिॲरिटी आणि सबसिडी एकाच छपराखाली, बिनतक्रार.

प्रॉटेस्टंटांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांच्यात डच धर्मशास्त्रज्ञ अब्राहम काइपर यांनी १८८० मध्ये 'आपापल्या क्षेत्रातलं सार्वभौमत्व' मांडलं. कुटुंब, चर्च, राज्य ही शेजारी शेजारी उभी. कुणी पुढे नाही की मागे नाही. अमेरिकी वादात या दोन्ही कल्पना सर्रास एकात एक मिसळतात, आणि मग माझ्यासारख्याचं रक्त आटतं. 'वेल्फेअर स्टेट' हा शब्द १९४१ मध्ये आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी घडवला असंही ठोकून दिलं जातं. इंग्रजीत रुळवला त्यांनी; जर्मनमध्ये 'वोलफार्टश्टाट' त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

शब्दाने इंग्लंडमध्ये तर उलटीच चाल केली. तिथे सबसिडी म्हणजे पार्लमेंटने राजाला मंजूर केलेला कर. पाद्रीही आपल्या सभेत वेगळी सबसिडी मंजूर करत आणि राजाला देत. चर्चने सरकारला दिलेली सबसिडी! हे सतराव्या शतकापर्यंत चाललं. पैसा तळातून वर जाई, आता वरून खाली येतो.

आणि आपल्याला हा शब्द शाळेत भेटतो तो 'सबसिडिअरी अलायन्स' म्हणून, म्हणजे तैनाती फौज. ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. कंपनीची फौज पेशव्याच्या पाठीशी बसणार आणि खर्च पेशव्याने द्यायचा. पुढे ती कुठे बसली ते सांगायला नको. सरकारी मदतीला भिणाऱ्या ख्रिस्ती माणसाची भीती कळून घ्यायची असेल, तर १९३१ च्या परिपत्रातलं 'गिळू नये' हे तैनाती फौज डोळ्यासमोर ठेवून वाचावं. त्रियारी आणि तैनाती फौज, दोन्ही त्याच शब्दाच्या पोटात आहेत. भांडण खरं तर सरकार यांतलं कोणतं, एवढंच आहे.

हां, मराठी प्रतिशब्द. 'दुय्यमता'त हीनपणा येतो, तो बाद. 'सहायकता' वाईट नाही, पण कोण पुढे आणि कोण मागे हे त्यातून कळत नाही. 'अनुदान'मध्ये दान शिरलेलं असल्याने वाद सुरू होण्याआधीच निकाल लागतो. माझं मत 'कुमक'ला. 'कुमकतत्त्व' म्हणा. तुर्कीत मूळ अर्थ मदत, मराठीत मदतीची फौज. लॅटिन शब्द फौजेकडून मदतीकडे गेला, हा मदतीकडून फौजेकडे आला. खोट एवढीच की कुमक बाहेरून येते, त्रियारी मैदानातच असतात. विशेषण 'कुमकी' तयारच आहे, आणि रानहत्ती धरायला मदत करणाऱ्या माणसाळलेल्या हत्तीला 'कुमकी' म्हणतात तो हाच शब्द. त्या हत्तीवर मात्र वेगळं लिहायला हवं.