स्टेम सेलच्या इंजेक्शनने हृदय पुन्हा पहिल्यासारखं होतं का?

अटॅकनंतर वडिलांचं ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो आकडा) 30 वर आलंय आणि एक क्लिनिक काही लाखांत स्टेम सेल (ज्यांपासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी) टोचून हृदय दुरुस्त करून देतो म्हणतंय, तर पैसे भरावेत का, असं तुम्ही विचारलंय. भरू नका. मी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करते. हाच प्रश्न नातेवाईक मला तपासणीच्या खोलीबाहेर गाठून विचारतात.

मोठ्या अटॅकमध्ये स्नायूच्या शंभर कोटींपर्यंत पेशी मरू शकतात. तिथे व्रण उरतो आणि तो आकुंचन पावत नाही. नव्या पेशी तयार होतात, पण स्वीडनमधल्या संशोधकांच्या 2009 च्या हिशेबाने पंचविशीतही वर्षाला फक्त 1 टक्का, म्हातारपणी त्याच्या निम्म्याहून कमी.

बोनमॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) पेशींपासून हा स्नायू पुन्हा तयार होतो, असं 2001 मध्ये अमेरिकेत पिएरो अन्व्हर्सा यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगातून मांडलं. 2004 मध्ये इतरांनी करून पाहिलं, तर त्या पेशींचा स्नायू झालाच नाही. पुढे 2018 मध्ये हार्वर्डने अन्व्हर्सांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध बनावट माहितीमुळे मागे घ्यायची शिफारस केली. तोवर जगभर कितीतरी रुग्णांना बोनमॅरोच्या पेशी टोचून झाल्या होत्या. त्याने आयुष्य वाढतं, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. तरी तीच आशा आज लाखांत विकली जाते, याची मला मनापासून चीड येते.

खरं काम वेगळीकडे चाललंय. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांच्या पद्धतीने, शरीरातल्या साध्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या आयपीएस पेशींपासून धडधडणारा स्नायू प्रयोगशाळेतच वाढवायचा आणि त्याचा पॅच हृदयावर बसवायचा. जपानमध्ये ओसाकाला असा पॅच पहिल्या रुग्णाला जानेवारी 2020 मध्ये बसवला. जर्मनीत गॉटिंगेनचा गटही यावर काम करतोय. अडचणी आहेतच: दुसऱ्याच्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, आणि माकडांच्या हृदयात अशा पेशी टोचल्यावर ठोके बिघडलेले दिसले होते.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमावलीप्रमाणे हृदयासाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. क्लिनिककडे चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा.

वडिलांच्या कार्डिओलॉजिस्टना मात्र हे नक्की विचारा: बीटा ब्लॉकर, एआरएनआय, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन, हृदयाच्या कमजोरीवरच्या या चारही गटांतली औषधं चालू आहेत का? नसतील, तर का नाहीत? तिशीतलं ईएफ नियमित गोळ्यांवर चाळिशीत गेलेलं मी इकोवर पाहिलंय. तीन महिन्यांनी पुन्हा इको करा, आणि तेव्हाही 35 किंवा खालीच असेल तर आयसीडी (जीवघेणे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारं यंत्र) बसवण्याबद्दल त्यांच्याशी बोला.