पोह्यांवरचे लिंबू आणि पोह्यांसोबतचा चहा

आरोग्याविषयी रोज इतके वाचनात येते, त्यातले नेमके काय उचलावे, आणि माझ्या अलीकडच्या वाचनाने घरात प्रत्यक्ष काही बदलले का, असे तुम्ही विचारले आहे. बदलले आहे, पण ते एकाच गोष्टीत. तेव्हा दहा गोष्टींची यादी देण्यापेक्षा त्या एकीविषयीच सविस्तर लिहिते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांची सुधारित पुस्तिका प्रसिद्ध केली. गेले काही महिने ती मी सावकाश वाचत होते. १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला बेरीबेरीच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या) अभ्यासासाठी सुरू झालेल्या छोट्या प्रयोगशाळेतून ही संस्था वाढली, आणि शंभर वर्षांच्या त्या कामाचा संयम तिच्या लेखनात जाणवतो. पुस्तिकेत १७ तत्त्वे आहेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे, तळण एकदा वापरलेल्या तेलात पुन्हा करू नये, हे आपण सगळेच ऐकून असतो. मी अडखळले ती चहा-कॉफीच्या परिच्छेदापाशी. जेवणाच्या आधी किमान एक तास आणि नंतरही किमान एक तास ही पेये टाळावीत, कारण त्यांतले टॅनिन हे तुरट द्रव्य अन्नातल्या लोहाशी बांधले जाते आणि ते लोह शरीराला पुरेसे मिळत नाही, असे तिथे सांगितले आहे.

हे वाचताना मला आपल्या घराघरांतला नाश्ता दिसला. कांदेपोहे गॅसवरून उतरले की त्यांवर लिंबू पिळायचे, खोबरे-कोथिंबीर पेरायची आणि बशीशेजारी चहाचा कप ठेवायचा, ही आपली जुनी पद्धत. धान्य, कडधान्य, पालेभाजी यांतले लोह मुळातच शरीरात कमी शोषले जाते. लिंबातले क जीवनसत्त्व ते शोषले जाण्यास मदत करते, आणि आच बंद केल्यावर लिंबू पिळण्याची रीत त्या दृष्टीने अगदी योग्य आहे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होत जाते. मात्र लिंबाने जे साधले, ते त्याच घासाबरोबर घेतलेला चहा बऱ्याच अंशी घालवतो. मोड आलेल्या मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, राजगिऱ्याची भाजी यांनाही हेच लागू आहे. पदार्थ चांगले आहेतच, प्रश्न केवळ चहाच्या वेळेचा आहे.

ही बाब मला किरकोळ वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय, म्हणजे अनेकदा लोहाच्या कमतरतेमुळे होणारी हिमोग्लोबिनची घट, आढळला होता, आणि देशाचा आकडा ५७ टक्के होता. म्हणजे दोन शेजारणी बोलत उभ्या असतील तर त्यांतल्या एकीला हा त्रास असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्या सूनबाईंचे हिमोग्लोबिन कमी निघाले होते (गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅम ही खालची मर्यादा धरतात), म्हणून तो परिच्छेद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

चहा सोडा, असे मी कोणालाही सांगितले नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. सकाळचा सगळा रगाडा उरकल्यावर बाई स्वयंपाकघरात टेकते, तो क्षण बहुतेक घरांत चहाच्या कपाचाच असतो. आरोग्याच्या नावाखाली तोही तिच्याकडून काढून घेणे मला अन्यायाचे वाटते. आम्ही फक्त घड्याळ सरकवले. उठल्यावर पहिला चहा सगळे मिळून घेतो, नाश्ता त्यानंतर तासाभराने होतो आणि त्यासोबत पाणी किंवा ऋतूप्रमाणे पेरू, संत्रे असे एखादे फळ असते. दुसरा चहा थेट चार वाजता. हा नियम घरातल्या प्रत्येकासाठी आहे, आणि तो टिकण्याचे खरे कारण मी हेच मानते. जिचे रक्त कमी आहे तिनेच तेवढे पथ्य पाळायचे आणि बाकीच्यांनी तिच्यासमोर बशीला कप लावायचा, असे झाले असते तर आठवडाभरात सगळे पूर्ववत झाले असते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. एवढ्याने रक्तक्षय बरा होत नाही. मासिक पाळीत जास्त रक्त जाणे, जंत, ब-१२ ची कमतरता अशी कारणे निरनिराळी असतात, ती डॉक्टरांनीच शोधायची असतात. मात्र त्यांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती चहाने किंवा दुधाने गिळू नये, पाण्याने किंवा लिंबूपाण्याने घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळीही असल्यास दोन्ही गोळ्यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. औषध नियमित घेऊनही आकडा हलत नाही अशी तक्रार मी अनेकींकडून ऐकते. त्यांनी गोळीची वेळ आणि चहाची वेळ शेजारीशेजारी लिहून डॉक्टरांना दाखवावी.

आता तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे येते. वाचताना मी एवढेच पाहते की सल्ला देणाऱ्याने कारण सांगितले आहे का, आणि किती, केव्हा, कोणासाठी हे स्पष्ट केले आहे का. याच पुस्तिकेत कॅफीन दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे असे म्हटले आहे आणि १५० मिलिलिटर चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते हेही लगेच दिले आहे. त्यामुळे आपल्या घरच्या कपाचा हिशेब आपल्याला स्वतःच करता येतो. सकाळी उपाशीपोटी अमुक प्या आणि सर्व विकार घालवा, अशा मजकुरात असे मोजमाप नसते, म्हणून मी तो पुढे वाचत नाही.

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या कार्यालयात डबा संपता संपताच चहा येतो. तो तीन वाजता आणायला सांगून पाहा, आणि डब्यात कोशिंबिरीवर पिळायला लिंबाची एक फोड ठेवा.