दूध-दही-तूपही सोडलं, तर आहारातून सगळं पोषण मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, वजन ५४ किलो, जन्मापासून शाकाहारी आणि आता दूध, दही, ताक, तूपही बंद. आई म्हणते हाडं ठिसूळ होतील, अंगात रक्त राहणार नाही. खरंच असं होईल का आणि रोज काय खायचं, हे तुम्हाला हवंय.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि स्वतःही व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही नसलेला आहार घेते. सगळं पोषण मिळतं, फक्त बी-१२ जीवनसत्त्व ताटातून मिळत नाही. म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

बी-१२ जिवाणू तयार करतात. वनस्पतींमध्ये ते भरवशाचं म्हणावं इतकं नसतं. मोड आलेल्या कडधान्यांतून, इडलीच्या आंबलेल्या पिठातून किंवा भाजीला चिकटलेल्या मातीतून मिळतं असं बरेच जण सांगतात. त्यावर अजिबात विसंबू नका. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पूरक पदार्थात जे असतं ते बहुतांशी बी-१२सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं रूप आहे. इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी १९४४ साली सुरू झाली आणि बी-१२ वेगळं काढता आलं ते १९४८ साली. म्हणजे त्या पहिल्या लोकांकडे गोळी नव्हतीच. आपल्याकडे आहे, स्वस्त आहे, तेव्हा ती घ्यायची. तीच सोसायटी आज रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते. शरीराची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२०च्या शिफारशीनुसार रोज २.२ मायक्रोग्रॅमच आहे, पण एका वेळी घेतलेल्या मोठ्या मात्रेतला फार थोडा भाग शोषला जातो, म्हणून गोळीवरचा आकडा इतका मोठा दिसतो.

तुमच्यासाठी हे आणखी महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही जन्मापासून शाकाहारी आहात. मांसाहार सोडून आलेल्या माणसाच्या यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत तो मुळात तुटपुंजा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात साधारण दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी आढळलं, आणि त्या काही व्हीगन नव्हत्या. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. डाळी आणि पालेभाज्या भरपूर खाणाऱ्याला फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) चांगलं मिळतं, त्यामुळे बी-१२ कमी असूनही रक्ताच्या साध्या तपासणीत काही दिसत नाही आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, तळव्यांची आग, विसरभोळेपणा असं काही असेल तर डॉक्टरांकडे जा, आहार बदलून बघत बसू नका.

आता आईंच्या दोन काळज्या. रक्ताची काळजी दुधाशी जोडू नका, कारण दुधात लोह जवळपास नसतंच. उलट दुधातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. पण लोहाकडे लक्ष मात्र हवं. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं आयसीएमआर सांगते, आणि वनस्पतींतलं लोह अंगी लागायला अवघड. ते लागावं म्हणून करायच्या गोष्टी आपल्या स्वयंपाकात आहेतच: कडधान्य भिजवून मोड आणणं, उसळीवर लिंबू पिळणं, जेवणात आवळा किंवा कच्ची कोशिंबीर ठेवणं, लोखंडी तवा-कढई वापरणं. चहा जेवणाला लागून घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. इतक्या साध्या बदलाने फरक पडतो आणि तरी सगळ्यात जास्त विरोध मला याच सल्ल्याला होतो! अळिवाचे लाडू ओलं खोबरं आणि गुळात करतात, त्यात तूप लागतच नाही. जरूर करा.

हाडांची काळजी मात्र रास्त आहे. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं आणि पेलाभर दूध त्यातलं तीनशेच्या आसपास देत होतं. दूध थांबलं की तेवढं दुसरीकडून आणावं लागतं, आपोआप येत नाही. नाचणी यात पहिली: १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. तिला मोड आणून पीठ केलं तर आणखी चांगलं. आंबील ताकाऐवजी शेंगदाण्याच्या दह्यात करा, चव छान येते. तिळात आकडा फार मोठा दिसतो, पण बरंचसं कॅल्शियम टरफलात ऑक्झलेट या कॅल्शियम शोषू न देणाऱ्या घटकासोबत अडकलेलं असतं, म्हणून तिळाची चटणी खा पण सगळी भिस्त तिच्यावर नको. पालेभाज्यांतही निवड करा. मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, मेथी, कोबी उपयोगाचे. पालक, चुका, अळू चवीसाठी खुशाल खा, कॅल्शियमसाठी मोजू नका. शिवाय कॅल्शियम घातलेलं सोया दूध रोज एक पेला. विकत घेताना पाकिटावर कॅल्शियम आणि प्रथिनांचा आकडा बघा आणि ओतण्याआधी पाकीट चांगलं हलवा, कारण कॅल्शियम तळाशी बसतं. बदामाचं दूध महाग असतं आणि त्यात प्रथिनं नावालाच असतात. दुधाच्या जागी मी ते सुचवत नाही.

प्रथिनांबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, मला मात्र त्याची सगळ्यात कमी चिंता वाटते. किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ४५ ग्रॅम. धान्यावर जास्त भर असेल तर किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे ५४, धरा. दोन भाकऱ्यांतून दहा-अकरा, चाळीस ग्रॅम मटकीच्या उसळीतून नऊ, तीस ग्रॅम डाळीच्या वरणातून सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ, सोया दुधातून सहा-सात. इथेच चाळिशी ओलांडली. थोडा टोफू किंवा कुळथाचं पिठलं आलं की काम झालं. धान्य आणि डाळ एकाच घासात असायला हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे. गडबड होते ती वरण पाण्यासारखं पातळ आणि वाटी लहान असली की. आपल्या ताटात भात-पोळीचा डोंगर आणि डाळीचा थेंब ही सवय व्हीगन माणसाला परवडणारी नाही. उपवासाच्या दिवशीही साबुदाण्यावर राहू नका, तो निव्वळ पिष्ट आहे; राजगिरा किंवा भगर आणि सोबत दाण्याची आमटी ठेवा.

ओमेगा-३साठी रोज एक मोठा चमचा जवसाची चटणी. जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात.

मीठ आयोडीनयुक्तच वापरा. आरोग्याच्या नावाखाली सैंधव मिठावर गेलेले बरेच जण मला भेटतात. दूधही बंद आणि आयोडीनचं मीठही बंद, अशी जोडी थायरॉइडला मानवत नाही.

ड जीवनसत्त्व कमी निघालं तर डॉक्टर गोळी देतील. बाजारातलं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढलेलं असतं आणि कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. तुम्हाला ते चालत नसेल तर डी-२ किंवा लायकेनपासून (दगडफुलासारखी वनस्पती) काढलेलं डी-३ मागा. दुकानात बघताना नेहमीचा हिरवा ठिपका पुरेसा नाही, तो दुधाच्या पदार्थांवरही असतो. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, वेगळं हिरवं चिन्ह आहे, त्यात इंग्रजी व्ही अक्षर असतं.

या आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. बाळाचा विचार पुढे-मागे असेल तर बी-१२ त्याआधीच भरून काढायला हवं, गर्भ राहिल्यावर धावाधाव नको. आणि ही पहिली तपासणी गोळी सुरू करण्याआधी करा. गोळी चालू झाली की रक्तातला आकडा लवकर वर जातो आणि मुळात किती कमी होतं ते कळत नाही.