पेशी कोर्टातली आणि पेशी रक्तातली

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आलाय. वर्गात त्यांनी विचारलं, "पेशी म्हणजे काय?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, आमच्या बाबाची हाये ना सोमवारी. धुऱ्याच्या भांडणाची." धुरा म्हणजे शेताचा बांध. वर्ग हसला, बाईही हसल्या. मग त्यांना प्रश्न पडला की तालुक्याला जायची पेशी आणि शरीरातली पेशी हा शब्द एक की दोन? जोडीला 'एकपेशीय' बरोबर की 'एकपेशी', हेही विचारलंय.

शब्द दोन आहेत. कोर्टातली पेशी फारसी 'पेश'वरून आली. पेश म्हणजे पुढे. हाकिमापुढे उभं राहणं ती पेशी, आगाऊ दिलेले पैसे ती पेशगी, आणि सगळ्यांच्या पुढे चालतो तो पेशवा. पुण्याकडे 'तारीख' म्हणतात म्हणून आमची 'पेशी' हिंदाळलेली, असं मला एका विद्वानांनी तोंडावर ऐकवलं होतं. त्यांना एवढंच सांगितलं की 'तारीख' अरबी आहे, ती तुम्ही देशावर पिकवली नाही. पेशवा चालतो आणि पेशी चालत नाही, हा कुठला न्याय?

असो. माझं खरं दुखणं दुसरं आहे, आणि पावसाळा लागला की ते उपटतं. डेंग्यूची साथ आली की गावात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच वाक्य: "पेशी कमी झाल्या." मागच्या साली माझा भाचा तापाने पडला. रिपोर्ट घेऊन आलेला वॉर्डबॉय ओरडला, "पेशी तीस हजार!" आणि बहिणीने हंबरडा फोडला. कोणत्या पेशी ते कोणी सांगेना. तांबड्या? पांढऱ्या? बोलायचं होतं प्लेटलेटबद्दल. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. मराठी पुस्तकं त्यांना बिंबिका म्हणतात. शब्द चांगला आहे, पण पुस्तकातून कधी बाहेर पडला नाही. शेजारचे पपईच्या पानांचा रस घेऊन आले, कोणी बकरीचं दूध आणलं, आणि मी तिथे उभा राहून "अहो, त्या पेशी नव्हेत" असं सांगत होतो. कोण ऐकतं! भाचा बरा झाला. माझी चिडचिड मात्र राहिली.

कारण प्लेटलेट ही पुरती पेशी नसतेच. तिला केंद्रक नाही. हाडांच्या मज्जेत एक दांडगी पेशी असते, तिच्या अंगाचे तुकडे तुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट. अशा एका दांडगीतून हजाराच्या वर तुकडे सुटतात आणि आठ-दहा दिवसांत संपतात. पेशीच्या तुकड्यालाच पेशी म्हणायचं म्हणजे संत्र्याच्या फाकेला संत्रं म्हणण्यासारखं.

इथवर मी बरोबर होतो. मग या बाईंच्या प्रश्नासाठी मूळ धुंडाळायला बसलो आणि माझीच फजिती झाली.

संस्कृतात 'पेशी' म्हणजे तुकडा, फोड, फाक. 'आम्रपेशी' हा जुना शब्द आहे, त्याचा अर्थ कैरीची कापून वाळवलेली फाक. उन्हाळ्यात आपल्या बाया गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरतात ना, ती. मांसपेशी म्हणजे मांसाचा तुकडा, गोळा. आदिपर्वात गांधारीला मूल न होता लोखंडाच्या गोळ्यासारखी घट्ट मांसपेशी झाली, व्यासांनी तिच्यावर थंड पाणी शिंपायला लावलं, तिचे अंगठ्याच्या पेराएवढे एकशे एक भाग झाले आणि ते तुपाच्या घड्यांत ठेवले. सुश्रुतात दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाचे तीन आकार आहेत: पिंड असेल तर मुलगा, पेशी असेल तर मुलगी, अर्बुद असेल तर नपुंसक. त्याच सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी मोजल्या आहेत. तिथे पेशी म्हणजे स्नायू, आपण आज ज्याला स्नायू म्हणतो तो. सुश्रुताचे स्नायू निराळेच, ते नऊशे आहेत आणि ते बांधणारे दोर आहेत. व्यायामशाळेतली पोरं हिंदी व्हिडिओ बघून "मांसपेशी बनवतो" म्हणतात तेव्हा मी कपाळाला हात लावतो, पण सुश्रुत त्या पोरांच्या बाजूने उभा राहील, हे कबूल करावं लागतं.

गांधारीचा विषय निघाला की हमखास कोणीतरी छाती पुढे काढून सांगतो की बघा, आपल्याकडे पेशीविभाजन आणि टेस्ट ट्यूब बेबी तेव्हाच होती. नव्हती हो. शब्द जुना असला म्हणून शोध जुना होत नाही. सुश्रुताने सुरी घेऊन जे डोळ्याला दिसलं ते मोजलं, आणि तेच त्याचं मोठेपण आहे. डोळ्याला न दिसणारं त्याच्या तोंडी घालणं हा त्याचाच अपमान.

तर पेशी म्हणजे कापून निघालेला तुकडा. आता सांगा, रक्तातल्या सगळ्या ऐवजात या शब्दाला सगळ्यात लायक कोण? प्लेटलेट! वॉर्डबॉय व्युत्पत्तीने बरोबर आणि मी जीवशास्त्राने बरोबर. बहिणीला हे अजून सांगितलेलं नाही.

शब्दाच्या मुळाशी धातू आहे पिश्. शहामृगातला श. षटकोनातल्या ष-चा पिष् वेगळा, त्याचा अर्थ दळणे. आपलं पीठ तिकडून आलं. या दोघांची सरमिसळ करून 'पेशी म्हणजे दळलेलं, बारीक केलेलं' असं छापणाऱ्यांनी एकदा जात्यावर बसून पाहावं, पिठाची फाक होते का. पिश् म्हणजे कापणे, कोरणे, घडवणे, सजवणे. ऋग्वेदात ऋभू नावाच्या कारागीर देवांच्या सूक्तात "मांसमेकः पिंशति" असं आहे, एक जण मांस कापतो. कोरून देखणं केलेलं ते पेशल. संस्कृत कवी सुंदर, कोमल अशा अर्थाने हा शब्द वापरतात. टपरीवरचा 'पेशल चाय' मात्र इंग्रजीतून आलाय, तिथे कालिदासाला बोलावू नका.

आता मला ज्याने रात्री झोपू दिलं नाही ते सांगतो. हाच धातू इराणातही होता. तिकडे त्याला 'नि' जोडला आणि अर्थ झाला कोरून ठेवणे, म्हणजेच लिहिणे. तिथल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास जो लेख कोरवला, त्यात लिहिलेल्याला 'निपिश्त' म्हटलंय. खडकावर लिहिणं म्हणजे कोरणंच की! आपल्याकडेही तो शब्द येऊन गेला. अशोकाचे लेख इतरत्र 'लिखित' म्हणतात, पण वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या शिळेवर, तिकडच्या खरोष्ठी लिपीत, चक्क 'निपिस्त' कोरलंय. पुढे इराणात प-चा ब, ब-चा व होत त्याचं फारसी 'नविश्तन' झालं आणि लिहिणारा झाला 'नवीस'. तोच नवीस मोगलाई कारभारातून मराठीत आला: चिटणवीस, वाकनवीस, फडणवीस. (फडणवीसातला फड मराठी की फारसी 'फर्द', हा तंटा वेगळा आहे. आणि कृपा करून यात राजकारण शोधू नका.) नागपूरच्या महालात चिटणीसपुरा आहे, तिथल्या पाटीवर तोच पिश् झिजून 'णीस' होऊन बसलाय.

आणि अर्जनवीस! तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसलेला, कार्बन घालून अर्ज लिहून देणारा. कोणाची पेशी असली की माणूस आधी त्याच्याकडे जातो. गंमत बघा बाई, तुमच्या विद्यार्थ्याचा बाप ज्या पेशीला चाललाय तिचं रक्तातल्या पेशीशी काही नातं नाही, पण वाटेत ज्या अर्जनवीसाकडे तो थांबतो, त्याचं आहे. पिश्पासून एक पोर इकडे कापण्याकडे गेलं, एक तिकडे कोरण्याकडे. दोघं भेटतात ती तहसीलच्या आवारात, आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

हे तुम्हाला वर्गात वापरता येईल, कारण उत्क्रांतीच्या धड्यात नेमकं हेच असतं. फुलपाखराचा पंख आणि वटवाघळाचा पंख सारखे दिसतात, दोघंही उडतात, पण घडण अगदी निराळी. एकात हाड नाही, दुसऱ्यात आपल्या हाताचीच हाडं लांबलेली. उलट बैलाचा पुढचा पाय आणि तुमचा हात दिसायला काही सारखे नाहीत, पण हाडं त्याच क्रमाने आहेत. बैलाच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरं तर त्याचं मनगट आहे. पोळ्याला बैल धुताना हात फिरवून बघा. कोर्टातली पेशी आणि रक्तातली पेशी हे फुलपाखरू नि वटवाघूळ झालं. पेशी आणि अर्जनवीस हे हात नि बैलाचा पाय. आवाज जुळला म्हणून सोयरीक जोडणारे व्युत्पत्तिपंडित मला भेटतात तेव्हा मी त्यांना बैलाचं मनगट दाखवतो.

आणखी एका गटाशी माझं भांडण आहे. त्यांना मराठीतही 'कोशिका' हवी. हिंदीत तीच, बंगाली-गुजरातीत कोश, मग आपणच वेगळे का? आपण वेगळे कारण आपला शब्द जास्त शहाणा आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप ठेवला, तेव्हा त्याला मधमाशीच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. त्याने ते मोजलेही, एका घन इंचात सव्वाशे कोटींहून जास्त. त्यांना त्याने लॅटिन 'सेला' म्हणजे लहान खोली, त्यावरून 'सेल' म्हटलं. पण बूच ही झाडाच्या सालीतली मेलेली ऊती, म्हणजे एकसारख्या पेशींचा समूह. आतला भाडेकरू केव्हाच गेलेला, हूकने नाव दिलं ते ओसाड घराच्या भिंतींना. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींचा, १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांचा पेशीसिद्धांत मांडला, आणि पेशीतूनच पेशी जन्मते हे फिरखोने १८५५ मध्ये बजावलं, तोवर लक्ष भिंतीवरून आतल्या ऐवजाकडे गेलं होतं. कोशिका म्हणजे पुन्हा डबीच, म्यानच. पेशी म्हणजे आतला गर. हा शब्द योजणारा वैद्यकी वाचलेला माणूस असावा, असा माझा कयास आहे, आणि जो कोणी असेल त्याला माझा रामराम.

'ऊती' या शब्दाबद्दल मात्र मी गप्प बसतो. ती विणकामाच्या 'वे' धातूची. ओतप्रोतमधलं 'ओत'ही तिथलंच, म्हणजे ताणा-बाणा. 'घागर ओतप्रोत भरली' लिहिणाऱ्यांना ओतणे आठवत असतं. झालो गप्प.

वर्गात काय दाखवावं हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. सूक्ष्मदर्शक नसला तरी चालेल. पोरांना घरून फुटलेलं बोंड आणायला सांगा. सरकीला चिकटलेला एक, एकच तंतू चिमटीत धरून ओढायला लावा. पोरीच्या हातात आली ती पेशी. अख्खी एक. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलतं त्या दिवशी वाढायला लागते आणि दोन-तीन आठवडे लांबतच जाते, अडीच-तीन सेंटिमीटर. जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर. मग ती भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढवते. हा सेल्युलोज आन्सेल्म पायेंने १८३८ मध्येच, श्लायडेनच्याच साली, वेगळा काढला, आणि त्याच्या नावातही ती खोली आहेच. बोंड फुटलं की आतला जीवद्रव वाळतो, नळी चपटी होऊन पीळ खाते, आणि त्या पिळामुळेच सूत कातता येतं. म्हणजे हीसुद्धा हूकच्या बुचासारखी मेलेली, रिकामी पेशी. माझ्या वरच्या मुद्द्याला हे जरा अडचणीचं आहे, पण आहे ते आहे.

बाजार समितीत ग्रेडर बंडीतून कापसाची चिमूट उचलतो, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, पुन्हा जुळवून ओढतो आणि तंतू किती लांब ते बोटांवर बघतो. तो पेशीची लांबी मोजतोय. त्या पोराच्या बापाने पऱ्हाटी लावली असेल, तर त्याला भाव मिळतो तो पेशी किती लांब यावर, आणि पेशी किती लांबली हे त्याला कोर्टातही ठाऊक आहे.

'एकपेशीय' लिहा. 'एकपेशी' चुकीचं नाही, पण 'बहुपेशी' कानाला खटकतं आणि दोन्हींना एकच प्रत्यय असलेला बरा.