तिसरी-चौथीच्या मुलांना आकार शिकवता येतील असा लोककलेचा कोणता उपक्रम घ्यावा?

वारली चित्रकला घ्या. आकार वेगळे शिकवावेच लागत नाहीत. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, गोल म्हणजे डोकं किंवा सूर्य.

खाकी कागदावर गेरूचा हात मारा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर पांढरा रंग गुलाबट होतो. तांदळाची पिठी पाण्यात कालवून थोडा डिंक घाला. ब्रश नकोच, काडीचं टोक ठेचून द्या (पालघरकडे बांबूची काडी चावून कुंचला करतात).

मग तारपा नाच. मध्ये तारपा (फुंकून वाजवायचं लांब वाद्य) वाजवणारा, भोवती पेन्सिलीने फिकट गुंडाळी, तिच्यावर हात गुंफलेली माणसं. पुनरावृत्ती, लय तिथेच कळते. देवचौकातली (भिंतीवर काढतात त्या पवित्र चौकोनातली) पालघाट देवी मात्र नको, ती लग्नविधीची आहे.