विमानाचा ट्रान्सपॉन्डर (जमिनीवरच्या रडारला उंची कळवणारा डबा) उंची चुकीची सांगतोय? डबा बदलायच्या आधी हे वाचा

प्रश्न: उजळाईवाडीला (कोल्हापूर विमानतळावर) विमान उभं असताना अल्टिमीटर (पायलटसमोरचं उंचीचं मीटर) बरोबर २००० फूट दाखवतो, पण ट्रान्सपॉन्डरवर ०२२ येतंय. क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेलं त्या वेळचं हवेचं प्रेशर) १००५ लावलाय. मित्र म्हणतो एन्कोडर (ट्रान्सपॉन्डरला उंची पुरवणारा भाग) गेला. (शिकाऊ पायलट, राजारामपुरी)

काय गेलेलं नाही भावा. ट्रान्सपॉन्डर तुझं क्यूएनएच बघतच नाही, तो कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल धरूनच उंची पाठवतो, क्यूएनएचचा हिशोब एटीसीच्या (जमिनीवरून विमानांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलच्या) सिस्टीमनं करायचा असतो. आता पावसाळ्यात आपल्याकडं प्रेशर उतरलेलं असतंय, १०१३ आणि १००५ मध्ये ८ चा फरक, एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट, म्हणजे सव्वादोनशे फूट झाले, आणि ०२२ म्हणजे २२०० फूट. जमलं की! खात्री करायची तर अल्टिमीटरची प्रेशर लावायची खिडकी १०१३ वर आण आणि दोन्ही आकडे जुळवून बघ, १२५ फुटांच्या आत असतील तर विषय संपला. बघून झालं की क्यूएनएच परत लाव मात्र.

प्रश्न: चार सीटर जुनं विमान आहे. टेकऑफनंतर ७०० फूट चढेपर्यंत सगळं बरोबर, मग आम्ही वर चाललोय आणि एटीसी म्हणतंय तुम्ही खाली येताय! ट्रान्सपॉन्डर बदलून बघितला, तेच. (मेंटेनन्सवाले, गोकुळ शिरगाव)

असला फॉल्ट बघायला मला लई आवडतो. जुन्या एन्कोडरपासून ट्रान्सपॉन्डरपर्यंत उंची नऊ-दहा वायरींवरून जाते, त्याला गिलहॅम कोड म्हणतात, आणि दर १०० फुटांना त्यातली एकच वायर बदलते. त्यातली ए४ नावाची वायर २८०० फुटांना चालू होते ती १०,७०० पर्यंत चालूच राहते. गंमत अशी की २७०० च्या पुढं बाकीच्या वायरींवर आधीचाच क्रम उलटा येत जातो, आपण पुढच्या टप्प्यात आलोय हे फक्त ए४ सांगते. ती तुटली की २८०० चं २७०० वाचलं जातं, २९०० चं २६००, ३००० चं २५००. कोल्हापूरचं रनवेच २००० फुटांवर, म्हणजे तुमचे ७०० फूट बरोब्बर बसले बघा. हीच वायर तुटायच्या ऐवजी ग्राउंडला चिकटली असती तर जमिनीवर उभ्या उभ्याच ३५०० दिसले असते.

तेव्हा नवीन डब्याचे पैसे घालू नका. अ‍ॅव्हिऑनिक्स बंद करून एन्कोडरचा कनेक्टर उघडा, ए४ ची पिन मागं सरकलीय का, हिरवी पडलीय का बघा, मग मल्टीमीटर लावून दोन्ही टोकांना कंटिन्यूइटी (वायर सलग आहे का ते) घ्या. सी गटातली वायर (१०० फुटांचे बारीक टप्पे सांगणारी) असती तर चूक शे-दोनशे फुटांची दिसली असती किंवा उंची मधूनच गायब झाली असती.

प्रश्न: स्टार्ट केल्यावर पहिली काही मिनिटं उंचीच्या जागी नुसत्या रेघा येतात. (कसबा बावडा)

एन्कोडरच्या आत हीटर असतो, तो गरम होईपर्यंत थांबा. जुन्यांना पाच-दहा मिनिटंही लागतात. त्यानंतरही रेघाच असतील तर ट्रान्सपॉन्डरचा नॉब ऑनवर नाही ना, एएलटीवर (उंचीसकट पाठवायच्या खुणेवर) आहे ना, ते आधी बघा, हसू नका, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

प्रश्न: अल्टिमीटरवर शंका आली तर एटीसीला उंची विचारता येते, मग एवढी काळजी कशाला? (ताराबाई पार्क)

हा गैरसमज जीव घेतो. एटीसीच्या स्क्रीनवरचा आकडा तुमच्याच विमानातून गेलेला असतो, आणि अल्टिमीटर आणि एन्कोडर दोघं एकाच स्टॅटिक लाइनवर (बाहेरच्या हवेचं प्रेशर आत आणणाऱ्या नळीवर) असतात. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७ असंच गेलं. धुताना स्टॅटिक पोर्टवर (त्या नळीच्या बाहेरच्या भोकावर) लावलेली टेप काढायची राहिली होती, रात्रीची वेळ, खाली समुद्र, पायलट उंची विचारतायत आणि एटीसी त्यांना ९७०० फूट सांगतंय, कारण विमानच तसं सांगत होतं. पंख पाण्याला लागेपर्यंत. ७० माणसं गेली.

म्हणून आकडा एटीसीकडं चुकीचा आणि अल्टिमीटर बरोबर, तर एन्कोडर किंवा वायरिंग धरा. दोन्ही मिळून चुकीचे असतील तर स्टॅटिक लाइन धरा: पावसाचं पाणी, राहिलेली टेप, नाहीतर कुंभारीण माशीचं मातीचं घर. आणि ते काढायला भोकात तोंडानं फुंकर किंवा कंप्रेसरची हवा अजिबात मारू नका, पलीकडं अल्टिमीटर आणि व्हीएसआय (चढ-उताराचा वेग दाखवणारं मीटर) जोडलेले असतात, त्यांचा डायफ्रॅम फाटतो. लाइन सोडवायची, साफ करायची, आणि परत जोडल्यावर लायसन्सवाल्या इंजिनिअरकडून लीक चेक करून घ्यायचा.